वेसण काढल्यावर

गेल्या महिन्यात ओपीडीत एक आजी पाच वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कसकस, वजन वाढत नाही. भिवंडीत यंत्रमागाच्या वस्त्यांत माणसं दाटीवाटीने राहतात. असा खोकला ऐकला की हात आपोआप क्षयाच्या तपासणीच्या कागदाकडे जातो. स्टेथोस्कोप लावताना मुलीच्या गळ्यातला ताईत मध्ये येत होता. "अस्वलाचा केस आहे त्यात," आजी म्हणाल्या. "माझ्या आईने दरवेशाकडून घेतलेला."

पन्नाशी ओलांडलेल्यांना दरवेशी आठवत असेल. डमरू वाजवत गल्लीत शिरायचा, मागे दोरीला अस्वल. तापाने फणफणलेल्या किंवा झोपेत दचकणाऱ्या मुलाला त्याच्या पाठीवर बसवायचं, की दुखणं पळतं, असा समज होता. मलाही बसवलं होतं. राठ केस आणि कुबट वास एवढंच आठवतं. दोरीला हिसका बसला की अस्वल मागच्या पायांवर उभं राहून डोलायचं आणि आम्ही टाळ्या पिटायचो.

तो नाच नव्हता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आईला मारून पळवलेल्या पिल्लाचं नाकाड तापलेल्या सळईने, भूल न देता, आरपार भोकसायचं आणि त्यातून वेसण ओवायची. ती जखम सहसा भरतच नाही. दोरी घासत राहते, पू होतो, किडे पडतात. हिसका बसला की वेदना कमी व्हावी म्हणून जनावर मान वर करून उभं राहतं. आपलं अस्वल जगतं ते नाकावर. वासाने वारूळ शोधायचं, नखांनी फोडायचं, फुंकरीने माती उडवायची आणि वाळवी ओढून घ्यायची. त्यासाठी निसर्गाने त्याला वरचे मधले दोन दातही दिलेले नाहीत. वेसण नेमकी त्या नाकाडातून. शिवाय चावू नये म्हणून सुळे फोडायचे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. पण दरवेशाच्या, उत्तरेत ज्यांना कलंदर म्हणतात त्यांच्या, पोटाची सोय लावल्याशिवाय कायदा गल्लीपर्यंत पोचला नाही. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने आग्र्याजवळ कीठमला वनखात्याच्या साथीने अस्वलांसाठी केंद्र उभारलं. अस्वल सोपवणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल, मुलांना शाळा, बायकांना हाताचं काम, असा तो सौदा होता. मला यातला हा भाग सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. २००२च्या अखेरीस पहिली अस्वलं आली; २००९च्या डिसेंबरात राजू नावाचं अस्वल सुटलं, तोवर आकडा ६००च्या पुढे गेला होता. आपल्या जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट्यांचं केंद्र चालवण्यातही हीच संस्था वनखात्याबरोबर आहे.

आल्या आल्या जनावराला वेगळं ठेवतात. मग भूल देऊन वेसण कापायची, जखम धुवायची, मोडलेल्या सुळ्यांची सडलेली मुळं काढायची. कित्येकांना मोतीबिंदू, काही मारहाणीने आंधळी झालेली. वर्षानुवर्षं चपाती-दुधावर राहिल्याने अंगात काही नाही. आणि रक्त, छातीच्या तपासण्या केल्यावर अनेकांत सापडला तो क्षय. जंगलात एकट्याने हिंडणाऱ्या अस्वलाची आणि या जंतूची गाठ पडणं अवघड. माणसाच्या झोपडीत, माणसाच्या खोकल्याशेजारी वाढलेल्या अस्वलाचं तसं नाही. ताप उतरावा म्हणून ज्यांच्या पाठीवर आपण मुलं बसवली, त्यांतली काही स्वतःच आतून पोखरत चालली होती.

यांना जंगलात सोडता येत नाही. पिल्लू दोन-अडीच वर्षं आईबरोबर राहून जे शिकतं ते यांनी शिकलेलंच नाही, आणि सुळे तर गेलेलेच. म्हणून मोठं कुंपण, झाडं, पाण्याचं टाकं, लापशी, फळं, ओंडक्यांच्या भेगांत लपवलेला मध. वास घेत तो शोधायचा. नाकाचा व्यायामच म्हणा ना. शरीर काही महिन्यांत भरतं. डोलणं मात्र लवकर जात नाही. दोरी नसते, डमरू नसतो, तरी एका जागी उभं राहून अस्वल मान हलवत राहतं. २०१७ मध्ये नेपाळमध्ये सोडवलेली रंगीला आणि श्रीदेवी ही जोडी. श्रीदेवी तिथल्या प्राणिसंग्रहालयातच गेली. रंगीला २०१८ मध्ये आग्र्याला पोचला.

मुलीच्या तपासणीत क्षय निघाला. लहान मुलाला हा आजार बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडूनच येतो, म्हणून घरच्या सगळ्यांना बोलावलं. आजोबांचा खोकला वर्षभराचा होता. तो बिडीचा समजून कुणी दाखवलाच नव्हता. त्यांच्या थुंकीत जंतू सापडले. दोघांची मोफत औषधं सुरू झाली आहेत, सहा महिन्यांची. ताईत काढा, असं मी सांगितलं नाही. फक्त गोळ्यांचा एकही दिवस चुकवायचा नाही, हे आजींकडून तीनदा वदवून घेतलं.