लेबल सेव्ह होत नाही? चार गोष्टी तपासा



दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आल्या की गटागटांत लेबलांची घाई सुरू होते. चकलीचा फोटो, गटाचं नाव, वजन, किंमत, एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर, सगळं कॉम्प्युटरवर नीट जुळतं. आणि सेव्ह करायला जावं, तर इंग्रजी चौकट समोर येते. बैठकांत आम्हाला हा प्रश्न सारखा विचारला जातो, म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी एक लक्षात ठेवा. चौकट आली म्हणजे काम गेलं असं नाही. सॉफ्टवेअर उघडं आहे तोवर काम तिथंच असतं. घाबरून ते बंद केलं, तर मात्र जातं. म्हणून चौकटीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मग चार गोष्टी तपासा: नाव, जागा, शिल्लक आणि प्रकार.

पहिलं, नाव. फाइलला ‘चकली १२/१०’ असं तारखेचं नाव दिलं, तर विंडोज ते घेत नाही. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, फुली, दुहेरी अवतरणचिन्ह, अपूर्णविराम अशी चिन्हं तिथं चालत नाहीत. ‘चकली १२-१०’ लिहा, काम होतं.

दुसरं, जागा. कॅमेऱ्याच्या मोठ्या मेमरी कार्डाच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो ‘लॉक’कडे सरकला, की कार्डातले फोटो दिसतात, पण नवं काही लिहिलं जात नाही. कधी मूळ फाइल ‘रीड ओन्ली’ असते, म्हणजे फक्त बघायची परवानगी. कधी तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडी असते. अशा वेळी ‘सेव्ह ॲज’ करून नवं नाव द्या आणि ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवा. पेन ड्राइव्हवर नंतर कॉपी करता येते.

तिसरं, शिल्लक. डबा भरला की त्यात आणखी लाडू मावत नाहीत, तसंच डिस्कचं. ‘डिस्क फुल’ आलं, तर नको असलेले व्हिडिओ काढा. पण नुसतं डिलीट केल्यानं जागा होत नाही. ते रीसायकल बिनमध्ये पडून राहतात. ते बिनही रिकामं करा. फोटोशॉपला काम करतानाही डिस्कवर मोकळी जागा लागते. ‘स्क्रॅच डिस्क’ भरल्याची चौकट येते, ती यासाठीच.

चौथं, प्रकार. इथं चौकट येत नाही, पण छापखान्यात अडतं. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘सेव्ह’ केलं की एक्ससीएफ प्रकारची फाइल होते आणि ती बऱ्याच छापखान्यांत उघडत नाही. जेपीजी हवी असेल, तर ‘फाइल’मध्ये जाऊन ‘एक्स्पोर्ट ॲज’ करायचं आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन इंग्रजीत जेपीजी लिहायचं. फोटोशॉपच्या नव्या आवृत्तीत ‘सेव्ह ॲज’मध्ये जेपीजी दिसली नाही, तर ‘सेव्ह अ कॉपी’ बघा.

मग एक्ससीएफ टाकून द्यायची का? मुळीच नाही. तिच्यात फोटो आणि अक्षरं वेगवेगळ्या थरांत राहतात. उद्या किंमत बदलली, तर तेवढाच आकडा बदलता येतो. जेपीजीत सगळं एकजीव होतं आणि ती पुन्हा पुन्हा सेव्ह केली की चित्राचा दर्जाही थोडा थोडा घसरतो. म्हणून दोन्ही ठेवा: जेपीजी छापायला, एक्ससीएफ गटाच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हमध्ये. दुसऱ्याकडून लेबल करून घेतलं, तरी पैसे देताना थरांची मूळ फाइल मागून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी एका आकड्यासाठी सगळं लेबल नव्यानं करावं लागतं आणि तो खर्च गटाच्या नफ्यातून जातो.

आणि एक सवय लावा. काम सुरू करतानाच फाइलला नाव द्या आणि थोड्या थोड्या वेळानं कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबा. आपल्याकडे वीज सांगून जात नाही. गेलीच, तर शेवटच्या सेव्हपर्यंतचं काम तरी हाती राहील.

पुढच्या बैठकीत ही चार नावं वहीत लिहून कॉम्प्युटरजवळ लावा: नाव, जागा, शिल्लक, प्रकार.