दोन महिन्यांचे माहेर, दहा महिन्यांची शाळा

आषाढात साधू-साध्वींचा चातुर्मास-प्रवेश होतो. त्याच सुमारास जळगावच्या सराफ बाजारामागील आणि धुळ्याच्या आग्रा रोडलगतच्या काही घरांत आखाती देशांत शिकविणारी लेक सुट्टीसाठी येते. दुबई-शारजाच्या परिसरातील अनेक भारतीय शाळांचे वर्ष आपल्याकडील केंद्रीय मंडळाच्या शाळांप्रमाणे एप्रिलमध्ये सुरू होते; मोठी सुट्टी मात्र जुलै-ऑगस्टमध्ये असते, कारण तेथील खरा उन्हाळा तेव्हाच असतो. त्यामुळे तिच्या वाट्याला माहेरचा उन्हाळा येत नाही, येतो तो पावसाळा : ओली काळी जमीन, वाढीला लागलेली कपाशी, केळीच्या बागा आणि स्थानकातील सकाळचे व्याख्यान.

हे दिवस कसे सरतात ते कळत नाही. ऑगस्टचा शेवट येतो आणि पर्युषण तोंडावर असताना बॅगा भरण्याची वेळ होते. संवत्सरी भाद्रपदाच्या आरंभी येत असल्याने ती बहुधा शाळा उघडण्याच्या दिवसांत किंवा त्यानंतरच पडते. अधिक मास आधी येऊन गेला असेल, तर आणखी पुढे जाते. वर्षभर ज्या आठ दिवसांची वाट पाहावी, तेच आठ दिवस घरापासून दूर काढायचे, हे या लेकींचे खरे शल्य आहे. आई तसे बोलून दाखवीत नाही. ती ज्वारीचे बिबडे आणि खाखरे कागदात गुंडाळते, आणि खसखस बाजूला काढून ठेवते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास मनाई आहे, हे घरात आता सर्वांना पाठ झाले आहे.

निघण्यापूर्वी मांगलिक ऐकण्याचा प्रघात आहे. महाराज साहेबांसमोर हात जोडून बसलेल्या लेकीच्या मनात त्या वेळी प्रवासापेक्षा वडिलांची चिंता अधिक असते. गेल्या वर्षी पेढीवर दिवसभर बसणारे वडील या वर्षी दुपारीच घरी येऊ लागले, ही गोष्ट फोनवर कोणी सांगितलेली नसते. ती आल्यावरच दिसते. नोकरी सोडून परत यावे का, हा प्रश्न मग रात्रीच्या गाडीत, भुसावळकडून मुंबईकडे जाताना, झोप लागू देत नाही. धुळ्याची लेक हाच प्रश्न घेऊन कसारा घाट उतरते.

तिकडे पोहोचताच दिनक्रम हात धरून ओढतो. पहाटे उठणे, डबे, शाळेची बस, वह्यांचे गठ्ठे, सहामाही परीक्षेची तयारी. पहिले तीन-चार दिवस हात यंत्रासारखे चालतात आणि मन अंगणात राहते. अमिरातीतले घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. ऑगस्टअखेर जळगावला आणि दुबईला सूर्य आपापल्या घड्याळाप्रमाणे पावणेसातच्या आसपासच मावळतो. पण आई चौविहाराचे पच्चक्खाण घेते, तेव्हा लेकीच्या स्वयंपाकघरात जेमतेम सव्वापाच वाजलेले असतात. हा फरक ज्या घरांनी ओळखला, त्यांनी फोनची वेळ ठरवून टाकली : आईचे जेवण आटोपले की लेकीचा फोन. जानेवारी २०२२ पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी झाली. पूर्वी शुक्रवार-शनिवार सुट्टी असे, आणि रविवारी घरचे निवांत असताना ती वर्गात उभी असे. आता रविवारची सामायिक दोघांकडे एकाच वेळी होऊ शकते.

परतल्यावरचा जडपणा घालविण्यास मोठे उपाय लागत नाहीत, असा अनेकींचा अनुभव आहे. बॅगा पहिल्याच दिवशी रिकाम्या कराव्यात. माहेरी चातुर्मासात घेतलेला नियम, मग तो नवकारसीचा असो वा पालेभाजी-त्यागाचा, तिकडेही तसाच चालू ठेवावा. त्यामुळे दोन घरांच्या दिवसांत एक धागा राहतो. वडिलांच्या प्रकृतीविषयीचा प्रश्न मात्र मनात कुढत ठेवू नये. भाऊ-भावजयीशी मोकळेपणाने बोलून औषधे, तपासण्या आणि खर्च यांची वाटणी करावी. घरच्यांनीही "सर्व ठीक आहे" एवढेच न सांगता खरे सांगावे. दूर असलेल्या माणसाला वाईट बातमीपेक्षा लपविलेली बातमी अधिक छळते.

साधू-साध्वी चार महिने एका गावी राहतात आणि चातुर्मास संपताच विहार करतात. निरोप देताना श्रावकांचे डोळे पाणावतात; पण पावले थांबत नाहीत, कारण पुढच्या गावी कोणी वाट पाहत असते. लेकीचीही तिकडे चाळीस मुलांचा वर्ग वाट पाहत असतो. संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपल्यावर ती फोन लावते. "मिच्छामि दुक्कडम्" म्हणताना वडिलांचा आवाज जरा थकलेला वाटतो. या वेळी ती विचारते, आणि या वेळी ते खरे सांगतात.