कडवळ हिरवे, पण चारावे केव्हा?

हिरव्या रंगावर कवी भाळतोच, मीही भाळतो. पण ज्वारीच्या कडवळापाशी नुसते भाळून चालत नाही. चारा किती निघाला, याइतकेच तो कसा निघाला हे महत्त्वाचे. आणि दोन्ही गोष्टी ठरतात खत आणि पाणी यांच्या जोडीने.

नत्र मिळाले की ताट उंच होते, पान रुंदावते. चाऱ्यातली प्रथिनेही वाढतात, कारण नत्रावाचून प्रथिन घडतच नाही. चाऱ्याच्या ज्वारीला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस असते. अर्धे पेरणीला, अर्धे महिन्याभराने. मात्र हे नत्र पिकाच्या अंगी लागायचे तर जमिनीत ओल हवी.

पावसाने ओढ दिली की गणित बिघडते. वाढ खुंटते आणि अंगी न लागलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने ताटाच्या बुडख्यात साठते. शिवाय ज्वारीत मुळातच धुरिन नावाचा घटक असतो. जनावराने पान चघळले की त्यातून सायनाइड सुटते. कोवळ्या, खुरटलेल्या आणि भरपूर युरिया दिलेल्या पिकात धुरिन अधिक. सायनाइडमुळे रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. नायट्रेटचा अतिरेक झाला तर रक्ताला तो वाहून नेता येत नाही. दोन्हींत जनावर धापा टाकते, कोसळते आणि कधीकधी तासाभरात दगावते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवावे.

दैवाची थट्टा अशी, की चारा सर्वांत धोक्याचा असतो तेव्हाच गोठ्यात त्याची सर्वांत जास्त टंचाई असते. म्हणून मला कळलेले पथ्य सांगतो. ओल नसेल तर युरियाचा दुसरा हप्ता थांबवा. कडवळ निम्मे फुलोऱ्यावर आल्यावर कापा. फार उशीर केला तर ताट निबर होते आणि पचन घटते. दुष्काळी ताणानंतर पाऊस पडला की नवे फुटवे लुसलुशीत दिसतात. त्यात जनावर लगेच सोडू नका. उपाशी जनावराला आधी कडबा घाला. चारा उन्हात चांगला वाळवला की सायनाइड पुष्कळ उतरते, नायट्रेट मात्र तसेच राहते; मुरघास केला तर तेही बरेच कमी होते. शंका असेल तर बुडखा वीतभर सोडून वरून कापा.

दावणीला बांधलेल्या जनावराला समोरचा घास निवडता येत नाही. तो निवडण्याचे काम आपले आहे.