टोल पडतो तेव्हा कॅमेऱ्याला काय दिसतं?

अनंत चतुर्दशीची रात्र. बेळगावातली मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे सरकते आहे, ढोलाचे टोल छातीत घुमत आहेत आणि जिकडेतिकडे मोबाइल वर झाले आहेत. सकाळी त्यातले बरेचसे फोटो मुके निघतात. टिपरू हवेत थिजलेलं, ढोल गप्प.

आवाज फोटोत यावा असं वाटत असेल, तर शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायला हवं. मिनिटाला 120 टोल म्हणजे एका टोलाला अर्धा सेकंद. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून तेवढ्याच वेळाचा फोटो घ्या. टिपरूचा वर जाऊन खाली येण्याचा सगळा प्रवास एका धूसर पंख्यासारखा उमटतो. पण तो सगळीकडे सारखा नसतो. वर टोकाला टिपरू परत फिरतं, तिथे त्याचा वेग क्षणभर शून्य होतो, म्हणून ते ठसठशीत दिसतं. खाली येताना वेग वाढतो आणि रेघ विरळ होत जाते. ढोलाच्या पानावर आदळणं तर जेमतेम काही मिलिसेकंदांचं. म्हणजे आवाज होतो तोच क्षण फोटोत फिका, आणि दोन टोलांमधली उसंत सर्वांत ठळक! मला हे फार सुंदर वाटतं. ढोल ऐकताना ती उसंत कानातून निसटून जाते.

टोलही हवा असेल, तर फ्लॅश ‘रिअर कर्टन’वर ठेवा. शटर मिटण्याच्या बेतात तो उडतो, त्यामुळे मागे रेघ आणि पुढे स्पष्ट हात असा क्रम लागतो. निपाणीकडच्या हलगीला मात्र अर्धा सेकंद फार झाला, नुसतं धुकं उरतं. तिथे 1/8 सेकंदापासून सुरुवात करावी.

वाद्याची थरथर डोळ्यांना दाखवण्याचा ध्यास जुना आहे. सी. व्ही. रमण यांनी बंगळुरूत असताना, 1934 साली, मृदंग-तबल्यावर लिहिलेल्या निबंधात पुडीवर बारीक वाळू टाकून उमटलेल्या आकृत्या दिल्या. पुडी जिथे हलत नाही, त्या रेषांवर वाळू जमते. पुडीवरच्या काळ्या शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरेल पटींत बसतात, हे त्यांनी उलगडलं.

कॅमेरा फसवतोही. मोबाइलच्या व्हिडिओत तंबोऱ्याच्या तारा कधी नागिणीसारख्या वळवळताना दिसतात. बहुतेक मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो, आणि तेवढ्यात तार अनेकदा हेलकावते. फोन काटकोनात फिरवून बघा. लाटा नाहीशा होतात, तार तशीच वाजत असते.