जोगेश्वरीत अक्षरे किती?

मुंबईत पश्चिम रेल्वेने अंधेरीहून उत्तरेकडे निघालात, की पुढचे स्थानक जोगेश्वरी. या नावात अक्षरे किती? जो, गे, श्व, री. चार, असे तुम्ही चटकन सांगाल. आता हाच प्रश्न संगणकाला विचारा. जावास्क्रिप्ट या भाषेत शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर येते ९!

संगणक वेडा झाला की काय? नाही. त्याला अक्षरे दिसतच नाहीत. दिसतात ते आकडे. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक आहे. ‘ज’ला २३३२, ओकाराच्या खुणेला २३७९, हलन्ताला म्हणजे पाय मोडण्याच्या खुणेला २३८१. म्हणून ‘जो’ची दोन चिन्हे होतात, ‘श्व’ची तीन, आणि सगळी मिळून नऊ.

यात बिघडले काय? समजा, एखाद्या अर्जात गावाच्या नावाला आठच जागा ठेवल्या आहेत. नववे चिन्ह गळाले, की जोगेश्वरीचे होईल ‘जोगेश्वर’! असे तुमचे नाव प्रमाणपत्रावर छापले गेले तर?

म्हणून आज्ञावली वापरण्यापूर्वी तिची चाचणी घ्यावी लागते. प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर हाती घेतला, की आपण आधी त्याचे जबडे मिटवून शून्यावर शून्य येते का, ते पाहतो. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न उपकरणाला विचारायचा, ही चाचणीची मूळ कल्पना. समजा, आपण अक्षरे मोजणारी आज्ञावली लिहिली. चाचणी अशी: ‘जोगेश्वरी’ दिले तर ४ आले पाहिजेत.

अशा पुष्कळ चाचण्या ओळीने घेऊन निकाल मांडणाऱ्या तयार साधनाला चाचणी-चौकट म्हणतात. क्यूयुनिट ही अशीच एक सुटसुटीत चौकट. जॉन रेसिग यांनी ती मुळात आपल्या जेक्वेरी या प्रकल्पासाठी रचली. २००८ साली तिला स्वतंत्र नाव मिळाले. तिची छोटी फाइल एका वेबपानाला जोडायची आणि ते पान ब्राउझरमध्ये उघडायचे. चाचण्या उतरल्या तर हिरवी पट्टी, एखादी फसली तर लाल. शिवाय अपेक्षित उत्तर कोणते आणि मिळाले कोणते, हेही तेथेच दिसते.

पण चाचणी ब्राउझरमध्येच का घ्यायची? जावास्क्रिप्टमध्ये मजकुराचे वाचकाला दिसतात तसे तुकडे पाडणारी ‘सेगमेंटर’ नावाची सोय आहे. पूर्वीच्या नियमानुसार ती ‘श्व’चे ‘श्’ आणि ‘व’ असे दोन तुकडे करी. जोगेश्वरीत पाच भरत. २०२३ साली युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे एकत्र ठेवण्याचा नियम आला, आणि उत्तर चार झाले. म्हणजे आज्ञावली तीच, पण जुन्या ब्राउझरमध्ये ५ आणि नव्यात ४! ज्या पट्टीने मोजायचे, तीच पट्टी तपासली पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘कमळ’ या शब्दात चिन्हे तीन आणि अक्षरेही तीन. नुसती चिन्हे मोजणारी आज्ञावलीसुद्धा येथे बरोबर ठरेल! सोप्या प्रश्नाने चूक पकडली जात नाही. काना-मात्रा असलेला ‘पुणे’ घ्या, जोडाक्षराचा ‘जोगेश्वरी’ घ्या, एकही अक्षर नसलेला कोरा मजकूरही घ्या. त्याचे उत्तर शून्यच यायला हवे. इतके करूनही आज्ञावली निर्दोष असल्याचे सिद्ध होत नाही. आपण विचारलेल्या प्रश्नांपुरती ती बरोबर आहे, एवढेच कळते.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि तुमच्या स्वतःच्या नावात अक्षरे किती आणि चिन्हे किती, ते मोजा. दोन्ही आकडे वेगळे आले, तर पहिली चाचणी त्याच नावाची लिहा.