सेन्सर बदलला, तरी दिवा का पेटतो? ऑक्सिजन सेन्सर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही जा. ‘एमएच ३२’ची पाटी मिरवणाऱ्या दहा-पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्या अजून घराघरांत आहेत. त्यांच्या मालकांची एक तक्रार नेहमीची असते. डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा पेटतो, स्कॅनर ऑक्सिजन सेन्सरचा कोड दाखवतो, नवा सेन्सर बसतो आणि काही दिवसांत दिवा पुन्हा हजर होतो. यात मालकाचा पैसा जातो आणि खरा बिघाड तसाच राहतो.

हा सेन्सर एक्झॉस्टच्या पाइपात बसतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते सांगतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली की नेहमीचा झिर्कोनियाचा सेन्सर ०.१ व्होल्टच्या आसपास संकेत देतो. पेट्रोल जास्त झालं की तो ०.९ व्होल्टकडे जातो. त्यावरून इंजिनाचा कंप्युटर, म्हणजे ईसीएम, पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. बॉशने बनवलेला हा सेन्सर १९७६मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत प्रथम आला.

गैरसमज १: स्कॅनरवर सेन्सरचं नाव आलं, म्हणजे सेन्सरच गेला.

वस्तुस्थिती: कोड बिघाडाची दिशा दाखवतो, खराब सुटा भाग दाखवत नाही. ‘पी ०१३५’ हा कोड सेन्सरमधल्या हीटरच्या सर्किटचा आहे. सेन्सर सुमारे ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्यात हीटर असतो. त्याचा फ्यूज उडाला, वायर उंदराने कुरतडली किंवा कनेक्टरला गंज चढला, तरी हाच कोड येतो. मग सेन्सर कितीही नवा असो, उपयोग शून्य.

‘पी ०१७१’ सांगतो की मिश्रणात हवा जास्त आहे. इथे सेन्सर बहुधा खरंच बोलत असतो. इनटेकच्या फाटक्या व्हॅक्यूम पाइपमधून जादा हवा शिरते, किंवा फिल्टर तुंबल्याने पेट्रोल कमी पोहोचतं. एक्झॉस्टचं पॅकिंग सेन्सरच्या आधी फुटलं असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. एखादा प्लग मिसिंग करत असेल, तर त्या सिलिंडरचा न वापरलेला ऑक्सिजन धुरात येतो. पेट्रोल वाया जात असतानाही सेन्सर ‘हवा जास्त’ असंच सांगतो. हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा ओलावा जास्त निघाला, तर आपण कापूस वाळवतो. ओलावा मोजायचं यंत्र बदलत बसत नाही. सेन्सरचंही तसंच आहे.

गैरसमज २: आपल्याकडच्या उन्हात सेन्सर जळतो.

वस्तुस्थिती: मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे खरं. पण शेकडो अंशांच्या धुरात काम करणाऱ्या सेन्सरला त्या उन्हाचं काही वाटत नाही. बॉनेटखालची उष्णता वर्षानुवर्षं सोसून कडक होतात ते रबरी पाइप, वायरचं आवरण आणि कनेक्टरच्या क्लिपा. पावसाळ्यात तिथेच पाणी आणि काळ्या मातीचा चिखल शिरतो. तपासणीची सुरुवात तिथून करा.

गैरसमज ३: ई-२० पेट्रोलने सेन्सर खराब होतो.

वस्तुस्थिती: ई-२०मध्ये मिसळलेलं इथेनॉल सेन्सरला मारत नाही. मात्र इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-२०ला हवा कमी लागते, १४.७चं प्रमाण साधारण १३.५वर येतं. जुन्या गाडीच्या ईसीएमला त्यासाठी काही टक्के जादा पेट्रोल सोडावं लागतं. एवढं तो सहसा सांभाळून घेतो. पण आधीच हवेची गळती असेल, तर दोन्हींची बेरीज त्याच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते आणि दिवा पेटतो. गळती बंद करणं आपल्या हातात आहे.

सेन्सरचे खरे शत्रू वेगळे आहेत. शिसं त्यातलं एक; १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळतं, म्हणून ती भीती आता राहिली नाही. उरले तीन: इंजिनात जळणारं ऑइल, सिलिंडरमध्ये गळणारं कूलंट आणि पॅकिंगला फासलेलं साधं सिलिकॉन. सिलिकॉनच्या वाफेचा थर सेन्सरवर बसतो आणि तो मंद होतो. सीलंट घेताना ‘सेन्सर सेफ’ असंच मागा.

गैरसमज ४: घासून-धुऊन सेन्सर नवा होतो.

वस्तुस्थिती: तारेच्या ब्रशने त्याचा नाजूक भाग खराब होतो, आणि बसलेलं सिलिकॉन पेट्रोलने निघत नाही. कनेक्टरमध्ये ग्रीस भरणंही घातक. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच घेतात. ती वाट बंद झाली की नवा सेन्सरही चुकीचं सांगतो. म्हणूनच या वायरला डाग देण्यापेक्षा योग्य कनेक्टर दाबून बसवतात.

गैरसमज ५: सेन्सर काढून ठेवला किंवा कोड पुसला, की काम झालं.

वस्तुस्थिती: सेन्सर तोडला की ईसीएम ठरीव अंदाजाने पेट्रोल सोडतो. बहुधा ते जास्तच असतं. ॲव्हरेज पडतं, धूर विषारी होतो आणि न जळलेल्या पेट्रोलने तापून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ शकतो. तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग आहे. बॅटरीची वायर काढून कोड पुसला, तर फक्त ईसीएमची आठवण जाते. बिघाड राहिला तर कोड परत येणारच.

मग तपासणी कोणत्या क्रमाने?

१. कोड लिहून घ्या, मगच पुसा.
२. हीटरचा फ्यूज, कनेक्टरवर येणारे १२ व्होल्ट आणि इंजिनाचं अर्थिंग मल्टिमीटरने बघा.
३. एक्झॉस्टचं पॅकिंग आणि व्हॅक्यूमचे पाइप तपासा. स्कॅनरवर ‘फ्युएल ट्रिम’, म्हणजे ईसीएमने पेट्रोलमध्ये केलेला कमी-जास्त बदल, आयडलिंगला खूप वाढलेला दिसला आणि २,५०० आरपीएमला खाली आला, तर हवेच्या गळतीचा संशय धरा. भार वाढल्यावर तो वाढत गेला, तर पेट्रोलचा पंप आणि फिल्टर बघा.
४. इंजिन गरम असताना पुढच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरचा संकेत ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वर-खाली व्हायला हवा. एक व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढल्यावर तो लगेच खाली आला पाहिजे. वायर, अर्थिंग सगळं ठीक असूनही तो जागचा हलत नसेल, तर सेन्सर गेला असं समजा.

तेव्हा तो जरूर बदला, आणि आपल्याच मॉडेलचा घ्या. पण त्याआधी मेकॅनिकला एवढं नक्की विचारा: “दादा, सेन्सरची वायर आणि व्होल्टेज मोजलं का?” उत्तर ‘नाही’ असेल, तर खिशात हात घालू नका.