‘काही व्यसन आहे का?’

दवनीवाड्यात बोलतोय, तर उदाहरण खर्र्याचंच घेऊ. तपासणीला आलेल्या गरोदर बाईला विचारतात, ‘काही व्यसन आहे का?’ ती ‘नाही’ म्हणते. खोटं बोलत नाही ती. व्यसन म्हणजे दारू, आणि तीही नवऱ्याची! खर्रा किंवा दात घासायचा गुडाखू तिच्या लेखी व्यसनात मोडतच नाही. कार्डावर ‘नाही’ लिहिलं जातं, विषय संपतो.

परिणाम मात्र संपत नाही. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या १,२१७ स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं, प्रसूतीही सुमारे सहा दिवस आधी झाली. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, हे बहुतेक नर्सबाईंना ठाऊक असतं. अडचण ज्ञानाची कमी, दृष्टीची जास्त. ‘ह्या बायका ऐकतच नाहीत’ असं एकदा मनात बसलं की प्रश्नाचा आरोप होतो.

तत्त्वज्ञानात आम्ही कारण आणि दोष वेगळे ठेवतो. तंबाखू हे कारण आहे; पण रोवणीत भूक मारायला ती खाणारी बाई तेवढ्यानं दोषी ठरत नाही. आणि आरोप ऐकलेली बाई पुढच्या वेळी खरं कशाला सांगेल?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलंय: संशय येईल तिलाच नव्हे, प्रत्येक गरोदर स्त्रीला, प्रत्येक भेटीत विचारा. मी म्हणेन, नाव घेऊन विचारा. ‘खर्रा दिवसातून किती वेळा होतो, ताई? गुडाखू?’ आणि उत्तर ऐकताना चेहरा बदलू देऊ नका. हे नीतिशास्त्राच्या कुठल्याच पेपरात येत नाही, सरावानंच जमतं.